झोतांच्या वाऱ्यात सेसना १७२ (छोटं प्रशिक्षण विमान) उतरताना आदळते, चुकतं नेमकं कुठे?

गिरणाकाठ
मे महिन्यातली दुपार, जळगावची २७ नंबरची (२७० अंशांच्या दिशेची) धावपट्टी, वारा २८० अंशांवरून १४ नॉट्स, झोत २४ पर्यंत. क्रॉसविंड, म्हणजे बाजूने लागणारा वारा, फार तर ४ नॉट्स. तरीही अशा वाऱ्यात विमान शेवटच्या दहा-पंधरा फुटांत धपकन खाली येतं, उसळतं आणि दुसऱ्यांदा नाकावर पडतं. असं का होतं? वेग आणि फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) किती ठेवावेत? आणि आदळल्यावर वरून काहीच दिसत नसेल तर विमान पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) देता येतं का?

फायनल_२७
वारा समोरून आहे म्हणून निर्धास्त राहतात, तिथेच घात होतो. झोत २४ वरून एकदम १४ वर आला की उतरतानाचा नेहमीचा ६५ नॉट्सचा हवेतला वेग क्षणात ५५ होतो. लिफ्ट (विमानाला उचलून धरणारं बल) वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे जवळपास २८ टक्के लिफ्ट गेली. त्यात थ्रॉटल (इंजिनाची पॉवर देणारा दांडा) आधीच बंद केलेला असेल तर पंधरा फुटांत सावरायला जागाच नाही.

झोताच्या फरकाचा निम्मा वेग वाढवा: फरक १०, म्हणून ६५ अधिक ५, फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात) ७० नॉट्स. फ्लॅप २० अंशच. ३० ला ड्रॅग (हवेचा अडथळा) इतका की पॉवर काढताच वेग पडतो. थोडी पॉवर फ्लेअरपर्यंत (टेकण्याआधी नाक उचलेपर्यंत) राहू द्या आणि मुख्य चाकं टेकत असताना पूर्ण काढा. पण ८० ने येऊ नका. विमान तरंगत राहतं आणि मग ते जबरदस्तीने खाली बसवण्याचा मोह होतो. धावपट्टी सुमारे १७०० मीटर आहे, घाई कशाला?

केळीपट्टा
फायनलच्या वाटेवर खाली काय आहे तेही बघा. नांगरून ठेवलेलं काळं रान तापलं की त्यावर विमान उचललं जातं. पुढे ओलिताखालची केळीची बाग आली की तेच विमान बसायला लागतं. रानावर उचललं म्हणून पॉवर काढली, की बागेवर ती कमी पडलीच.

उसळीबद्दल: लहान असेल तर नाक आहे तिथेच धरा, किंचित पॉवर द्या, विमान आपोआप बसेल. उसळी मोठी असेल तर लगेच पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. योक (नाक वर-खाली करणारं हँडल) पुढे ढकलायचा नाही म्हणजे नाही! पुढचं चाक आधी टेकतं आणि दर उसळीला मार वाढत जातो. ४३ अंशांत डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या आसपास जातो, चढण मंद असते. म्हणून फ्लॅप टप्प्याटप्प्याने, चढ लागल्यावरच उचला.

हँगर_एएमई
विमान पुढच्या सॉर्टीला देता येतं का, या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) हार्ड लँडिंगची नोंद करा आणि तपासणी होऊन सही मिळेपर्यंत विमान उभं ठेवा.

वरून न दिसणारं नुकसान बहुतेक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) असतं, कारण नोज गिअर (पुढच्या चाकाचा पाय) तिथेच बसवलेला असतो. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढा आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. समोरून उजेड मारला तर बारीक घडी दिसतच नाही. रिव्हेटभोवती काळपट धुरकट रेघ म्हणजे रिव्हेट ढिला. इंजिन माउंटच्या वेल्डजवळच्या भेगा, ओलिओतून (पुढच्या चाकाच्या धक्काशोषकातून) गळणारं लाल हायड्रॉलिक तेल, टॉर्क लिंकची (चाक सरळ ठेवणाऱ्या जोडाची) ढिलाई, शिमी डॅम्पर (चाकाची थरथर रोखणारा भाग), मेन गिअरचे (मुख्य चाकांचे) बोल्ट, विंग स्ट्रटचे (पंखाच्या टेकूचे) जोड आणि शेपटीखालची कडी हेही बघा. काल नीट लागणारा दरवाजा आज अडकत असेल तर सांगाडा हलल्याचा संशय धरा.

गिरणाकाठ
प्रोपेलरचं पातं जमिनीला निसटतं लागलं, पण इंजिन चालूच राहिलं तर?

हँगर_एएमई
तरी तो प्रॉप स्ट्राइकच, भाऊ. पात्याचं टोक नुसतं घासून सारखं केलं म्हणून चालत नाही. लायकॉमिंग इंजिनात धक्का थेट क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरपर्यंत जातो, तिथला बोल्ट आणि डॉवेल तपासणं एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हनुसार (विमान-सुरक्षा नियामकाच्या आदेशानुसार) बंधनकारक आहे. इंजिन उघडावंच लागेल, आणि तोवर ते सुरू करूनही बघू नका.