मॅकूरींचा बँड: घरचं गाणं की मन्रोची तालीम?

खर्जातला: डेल मॅकूरी बँड ज्यांनी ऐकलाय त्यांच्याशी मनापासून वाद घालायचाय. माझं म्हणणं असं की हा ब्लूग्रास बँड (ब्लूग्रास म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत) असा वाजतो तो एका घरातला आहे म्हणूनच. डेल गिटार आणि मुख्य गायक, मोठा मुलगा रॉनी मँडोलिनवर, धाकटा रॉब बँजोवर. मध्ये एकच माइक, ज्याची पाळी तो पुढे सरकतो बाकीचे बाजूला होतात, कोणी कोणाला धडकत नाही आणि आवाज कमीजास्त करायचा तोही आपण माइकपासून किती लांब उभं राहतो त्यावरच. रॉनी १९८१ ला बापाच्या बँडमध्ये आला तेव्हा १४ वर्षांचा होता, रॉब १९८७ ला आला. लहानपणापासून एकाच घरात गाणाऱ्यांचे आवाज जसे एकमेकांत मुरतात तसे बाहेरून आणलेल्यांचे मुरत नाहीत.

ताना_बाना: अजिबात पटलं नाही. डेलला गायक केला कोणी? तो बाल्टिमोरच्या बारमध्ये बँजो वाजवायचा, १९६३ ला ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोकडे, त्याच्या बँडमध्ये, गेला तोही बँजोसाठीच. पण त्याच वेळी बिल कीथ हा दुसरा बँजोवालाही आला होता, मग मन्रोने बँजो कीथला दिला आणि डेलच्या हातात गिटार देऊन लीड गायला लावलं. तुम्ही ज्याला घरचा आवाज म्हणताय तो केंटकीच्या एका कडक गुरूच्या हाताखाली घडला, आणि त्या गुरूशी डेलचं रक्ताचं नातं काहीच नव्हतं.

खर्जातला: त्याच्या आधीचं सोडून देताय तुम्ही. हे कुटुंब मूळचं नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं, तिथून पेनसिल्व्हेनियात यॉर्क काउंटीला आलेलं. डेलची आई गायची, वाजवायची, थोरल्या भावाने गिटार शिकवली आणि नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्जची रेकॉर्ड घरात आणली तीही त्यानेच, ती ऐकून हा पोरगा बँजोला चिकटला. मन्रोने पारखलं हे मान्य, पण पारखायला आधी काहीतरी असावं लागतं ना!

नदीकाठ: तुम्ही दोघंही पोटापाण्याचं बोलतच नाही आहात. डेल कितीतरी वर्षं जंगलात लाकूडतोडीचं काम करायचा आणि बँड शनिवार-रविवारी. तेव्हा नाव डिक्सी पाल्स होतं आणि त्यात माणसं येत-जात राहायची, सुट्टीच्या दिवसांच्या मानधनावर कोणाचं घर चालणार? पोरं टिकली कारण ती पोरं होती. आवाज जुळतो वगैरे खरं असेल पण मला वाटतं आधी माणूस टिकावा लागतो, मग जुळणं येतं. १९९२ ला नॅशव्हिलला गेल्यावर हा बँड खरा बहरला.

ताना_बाना: नदीकाठ, हाच माझा मुद्दा! जेसन कार्टर फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) १९९२ लाच आला, केंटकीचा, यांच्या घरचा नाही, आणि ३० वर्षांहून जास्त राहिला. बासवरचा अ‍ॅलन बार्ट्रमही बाहेरचाच आणि तो कोरसमध्ये गातोसुद्धा. म्हणजे पाचात दोन परके असूनही सूर तोच. मग रक्ताला कशाला एवढं श्रेय? ते रोजच्या एकत्र वाजवण्याला द्या.

खर्जातला: कार्टरबद्दल मी गप्प बसतो, त्याच्या फिडलशिवाय मलाही हा बँड डोळ्यासमोर येत नाही. तरी एक सांगतो. मेरीलँडमध्ये कंबरलँडला मे महिन्यात डेलफेस्ट होतो, २००८ पासून, तिथे मी पुढे उभं राहून ऐकलंय. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, ताल मँडोलिनच्या चॉपवर, म्हणजे तारा लगेच दाबून काढलेल्या तुटक ठोक्यावर, चालतो. डेल वरच्या सुरावर रेंगाळला की रॉनी बापाकडे न बघता तो चॉप तेवढाच हलका करतो. हे शिकवून येत असेल तर मला सांगा कुठे शिकवतात.

ताना_बाना: शेजारी उभं राहून ४० वर्षं वाजवल्यावर येतं. बाहेरच्या कोणाला त्या जागेवर ४० वर्षं मिळाली तर त्यालाही येईल.

नदीकाठ: आणि ती ४० वर्षं मुलाशिवाय कोणाला मिळतात?