मदत हवी आहे: कमला सोहोनी यांच्या कामावर आधारित प्रयोग

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. येत्या 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्यावर एक दालन मांडणार आहोत. केवळ त्या स्त्री आहेत म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला आणि नंतर वर्षभर काम पाहून ठरवू या अटीवर दिला, हे मुलींना सांगितले तेव्हा वर्ग अगदी शांत झाला. पण अन्यायाची हकिगत सांगून थांबणे मला पटत नाही. त्यांचे विज्ञान मुलांच्या हातात यायला हवे.

वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन असते, हे त्यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवले आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की पांढरा फेस उसळतो, तो प्रयोग आम्ही करून पाहिला. मात्र तो फेस 'कॅटलेज' या वेगळ्याच विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो, त्यामुळे तो त्यांच्या शोधाच्या नावाखाली मांडणे खोटेपणाचे होईल.

शाळेच्या प्रयोगशाळेत सायटोक्रोमचे कार्य सुरक्षितपणे दाखवता येईल असा काही प्रयोग जीवरसायनशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सुचवावा. तसे शक्य नसल्यास, त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले होते, तेव्हा आयोडीन आणि पिष्टाच्या (स्टार्चच्या) द्रावणाने नीरेतील 'क' जीवनसत्त्व तपासणे योग्य ठरेल का, आणि नीरा आंबू नये म्हणून ती किती वेळात वापरावी, हेही कळवावे.