शेरलॉक होम्स तुम्हाला कुठे भेटला?

आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ साली छापलेल्या कादंबरीतला हा गुप्तहेर अजून सिनेमात, मालिकांत आणि आपल्या बोलण्यातही आहे. कुणी फार चौकशा करू लागलं की आपण "आला मोठा शेरलॉक होम्स" म्हणतो. ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचा आणि त्याचा संबंध कसा आला ते लिहा. कथा वाचलेल्या नसल्या तरी लिहा.

नौपाडा :
मला तो मराठीतच भेटला, भालबा केळकरांच्या अनुवादातून. बाबा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक आणायचे आणि आधी कोण वाचणार यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. रायशेनबाखच्या धबधब्यात होम्स गेला त्या रात्री मी जेवले नव्हते. ती कथा डिसेंबर १८९३ची, आणि आपलं ग्रंथसंग्रहालयही १८९३चंच! वाचकांनी पिच्छा सोडला नाही आणि १९०३मध्ये डॉयलनी त्याला परत आणलं. एका काल्पनिक माणसासाठी लोकांचा इतका जीव तुटावा, याचं मला आजही फार अप्रूप आहे.

नेरूळ :
आमच्या घरात दोन होम्स आहेत. आईचा जेरेमी ब्रेट, लेकीचा बेनेडिक्ट कंबरबॅच; दोघेही टीव्ही मालिकांत होम्स झालेले नट. २०१०च्या मालिकेतला होम्स मोबाइलवर मेसेज पाठवतो म्हटल्यावर आई बघायलाच तयार नव्हती. नातीने बळेच बसवलं. होम्सचा मित्र डॉ. वॉटसन अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलाय हे कळलं मात्र, आई सरसावून बसली. "अगं, हे मूळचंच आहे!" १८८७च्या वॉटसनलाही अफगाण युद्धातच गोळी लागली होती. त्या रात्री दोघींनी पुढचा भागही संपवला.

वाशी :
मी डॉक्टर आहे. डॉयलही डॉक्टरच. एडिंबरोला त्यांना शिकवणारे डॉ. जोसेफ बेल रुग्णाकडे नुसतं बघून बरंच काही सांगत. होम्स घडला तो त्यांच्यावरून. हे वाचल्यापासून पेशंट दारातून आत येताना मी त्याची चाल बघते, चप्पल कुठल्या बाजूला जास्त झिजलीय ते बघते. गुडघेदुखीचे पेशंट बोलायच्या आधीच कळतात.

कळवा :
मी एकही कथा वाचलेली नाही. गणपतीत सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेत मुलाला टोपी घातली, हातात भिंग दिलं. वॉचमनकाकांपासून आजींपर्यंत सगळ्यांनी ओळखला. आता मुलगा विचारतोय, याची गोष्ट सांग. कुठून सुरुवात करू?

नौपाडा :
ती टोपी सिडनी पॅजेट यांच्या चित्रांनी घराघरांत नेली. ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. कथांपासूनच सुरू करा. एका रात्रीत एक वाचून होते.