प्लस नंबरसाठी लेसिक: चष्मा खरंच जातो का?

प्लसकरी: मायनसवाल्यांच्या लेसिकबद्दल ढीगभर माहिती मिळते, प्लसबद्दल फारच कमी. हे आकडे पाहून मत द्या. वय 36. उजवा +4.25, डावा +2.50. डोळ्याचे स्नायू सैल करणारे थेंब टाकून तपासल्यावर उजवा +5.50, डावा +3.00. चष्म्यासह उजवा 6/12, डावा 6/6. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता उजवी 44.5, डावी 43.8 डायॉप्टर. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली 2.6 मिमी. दवाखान्यात 'दोन्ही डोळे करू, चष्मा जाईल' एवढंच सांगितलंय.

भिंगरी: आधी एक खुलासा, कारण या विषयावर दरवेळी गल्लत होते. ही चाळिशी नव्हे. चाळिशीत डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होते. इथे डोळाच आखूड आहे, म्हणजे पाठ्यपुस्तकातली दूरदृष्टिता.

मायनसमध्ये लेसर कॉर्नियाचा मधला भाग सपाट करतो. प्लसमध्ये मध्याला हात न लावता भोवतीने कड्यासारखा भाग घासतात, म्हणजे मध्य उंच, उभार होतो. त्यासाठी फ्लॅप (लेसरआधी झाकणासारखा उचलायचा कॉर्नियाचा पातळ पापुद्रा) मोठा लागतो, 9 मिमीच्या आसपास. आणि शरीर ही खाच बुजवायला बघतं: वरचा पातळ थर त्या कड्यात जाड होतो, मध्यावर पातळ. काढलेल्या नंबरातला थोडा भाग परत येतो तो मुख्यतः यामुळे. नंबर जितका मोठा तितकी खाच खोल आणि परत येणारा भागही जास्त.

नेत्रतपासनीस: भिंगरी यांच्याशी सहमत. आता आकड्यांकडे.

प्लस 1 काढला की वक्रता साधारण 0.8 ते 1 ने वाढते. शस्त्रक्रियेनंतर ती 49 च्या पुढे जाऊ नये असं बहुतेक सर्जन धरतात, कारण फार उभार कॉर्नियावर अश्रूंचा थर टिकत नाही आणि दृष्टीचा दर्जा घसरतो. उजव्याचे पूर्ण 5.50 काढले तर वक्रता 49 ते 50. म्हणजे काठावर किंवा काठाबाहेर. शिवाय चष्म्याचा प्लस नंबर कॉर्नियावर आणला की वाढतो, 4.25 चा जवळपास 4.50 होतो. अमेरिकेत काही यंत्रांना +6 पर्यंत मान्यता आहे, पण यंत्राला जमतं म्हणून करावं असं नाही. +3 पर्यंत निकाल चांगले, +4 नंतर भरवसा कमी.

दुसरं, 4.25 आणि 5.50 मधला फरक. हा लपलेला नंबर आहे, डोळ्याचे स्नायू ताण देऊन तो झाकतात. फक्त 4.25 काढले तर वयानुसार ताण देण्याची ताकद ओसरते आणि उरलेला सव्वा बाहेर येतो. मग लोक म्हणतात, लेसर फसला.

मध्यबिंदू: एक मुद्दा राहिला. प्लसच्या डोळ्यात बाहुलीचा मध्य आणि नजरेची रेषा यांत बरेचदा जास्त अंतर असतं. लेसर बाहुलीच्या मध्यावर धरला तर उंचवटा बाजूला पडतो, मग रात्री दिव्यांना शेपट्या दिसतात. 'केंद्र कशावर धरणार?' हे सर्जनना जरूर विचारा.

मला विचाराल तर उजवा सोडून फक्त डावा करावा. डाव्याचा नंबर बसतो.

नेत्रतपासनीस: @मध्यबिंदू, इथे असहमत. आज दोन डोळ्यांत 1.75 चा फरक आहे. फक्त डावा शून्य केला तर तो 4.25 होईल, तेवढा फरक चष्म्यात सहन होणं कठीण, म्हणजे उजव्याला कॉन्टॅक्ट लेन्स आलीच. त्यात उजवा चष्म्यानेही 6/12 म्हणजे बहुधा आळशी डोळा (लहानपणी नजर पूर्ण न घडलेला). लेसर त्याला 6/6 करत नाही. अशा वेळी एकुलत्या चांगल्या डोळ्यावर जोखीम का घ्यायची?

डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्सही इथे बाद, 2.6 मिमी खोली कमी पडते. स्वतःचं भिंग काढून कृत्रिम बसवणं 36 व्या वर्षी घाईचं आहे, जवळचं फोकस करण्याची उरलेली शक्ती जाईल. पन्नाशीच्या आसपास तो पर्याय जास्त शहाणपणाचा. आखूड डोळ्यात कोन (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची जागा) अरुंद असण्याची शक्यता असते, तेव्हा काचबिंदूच्या दृष्टीने कोनाची तपासणी करून घ्या.

प्लसकरी: सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मग तूर्त कॉन्टॅक्ट लेन्स? आणि पुढे कधी डावा केलाच तर काय अपेक्षा ठेवायची?

भिंगरी: सुरुवातीचे काही आठवडे जवळचं छान आणि लांबचं धूसर दिसतं, कारण आधी थोडं जास्तच सुधारलं जातं. नंबर स्थिरावायला 3 ते 6 महिने धरा. कोरडेपणा मायनसवाल्यांपेक्षा जास्त जाणवू शकतो. जुन्या मापांचे कागद जपा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना त्यांच्याविना गणित चुकू शकतं.

नेत्रतपासनीस: हो, तूर्त सॉफ्ट लेन्स. उजव्याला +4.50, डाव्याला +2.50 पासून सुरुवात. मग तपासणीत दर वेळी पाव-अर्धा वाढवून बघायचं. लांबचं धूसर न होता नंबर चढत गेला तर लपलेला नंबर सैल पडतोय. पुन्हा लेसरसाठी कॉर्नियाची मापं घ्यायची झाली तर किमान 2 आठवडे आधी लेन्स बंद, नाहीतर वक्रतेचे आकडे चुकीचे येतील.