दिवाळीला बांबूची भेट : बाटली की परडी?

वेळूचे बेट : ‘यंदा दिवाळीला निसर्गस्नेही भेट द्या : बांबूची बाटली, बांबूचा टूथब्रश, बांबूचा कॉफी मग आणि टेबलावर ठेवायला लकी बांबू’ ही यादी सकाळपासून चौघांनी मला पाठवली, म्हणून सविस्तर लिहितो. बाटलीत पाणी राहते ते आतल्या स्टीलमुळे. बांबू नुसता कोट घालून बाहेर उभा असतो. ब्रशचा दांडा बांबूचा खरा, पण तोंडात जाणारे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच. ते गुळगुळीत मग बांबूच्या भुकटीत मेलामाइन नावाच्या प्लॅस्टिकची राळ कालवून साच्यात दाबलेले असतात, आणि गरम पेयात त्यातले घटक उतरू शकतात म्हणून युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा भांड्यांविरुद्ध मोहीम उघडली. लकी बांबू तर बांबूच नव्हे. ती ड्रॅसीना नावाची वेगळी वनस्पती. खरा बांबू गवताच्या कुळातला. बांबूच द्यायचा असेल तर बुरुडाकडून दुरडी किंवा परडी घ्यावी, तिच्यात फराळ भरून द्यावा. पैसा गावात राहील.

राजारामपुरीच्या काकू : त्या चौघांपैकी एक मी आहे. गेल्या वर्षी कार्यालयात मी ३५ बाटल्या वाटल्या आणि त्या आजही लोकांच्या टेबलावर दिसतात. तुमच्या दुरडीचा अनुभव मात्र ऐका. २०२३ च्या अधिक श्रावणात जावयाला ३३ अनारशांचे वाण मी हौसेने बांबूच्या दुरडीत दिले. दोन महिन्यांत तिला भुंगेरा लागला आणि खाली पिठासारखी पिवळी भुकटी सांडू लागली. विहीणबाईंनी फोनवर गोड आवाजात विचारले, की अनारसे संपले तरी पीठ अजून कसे काय निघते आहे? तेव्हापासून मी स्टीलचा डबा देते.

गगनबावडा, शेतकरी : काकू, त्यात दुरडीचा दोष नाही. कोवळ्या बांबूत आणि आतल्या गाभ्यात पिष्ट जास्त असते, भुंगेरा त्याच्यासाठी येतो. निदान तीन वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा आणि विणताना वरच्या सालीच्या कामट्या वापरायच्या, म्हणजे टोपली वर्षानुवर्षे टिकते. घेताना उलटी करून पाहा : सालीची कामटी तुकतुकीत असते, पोटाची कामटी पांढरट आणि बोटाला खरखरीत लागते. बाकी, बांबूचे कौतुक आज सगळे करतात, पण २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत वन कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते. स्वतःच्या बांधावरचा बांबू गाडीत घालून आणण्याच्या परवान्यासाठी माझ्या वडिलांनी ज्या कार्यालयात तीन हेलपाटे घातले, तिथला बाक मला अजून आठवतो. तेव्हा ही निसर्गस्नेही मंडळी कुठे होती?

पेठेतला जुना : मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. बांबू आणि कामट्या म्हटले की आमच्या घरात तिरडी डोळ्यांपुढे येते. ऐन सणाला, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर, ही वस्तू कोणाच्या उंबऱ्याआत द्यायची नसते. आमच्या आजीने बांबू कधी चुलीत घातला नाही, कारण वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कुळही. शास्त्र न कळणाऱ्यांनी हसावे.

वेळूचे बेट : काका, मग चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात नाचणाऱ्या सासनकाठ्या कशाच्या असतात? पाडव्याला तुमच्या दारी गुढी उभारता ती कशावर? जोगवा मागणाऱ्या बायकांच्या हातातली परडी कशाची? आणि ज्याच्यात वंश आहे, ती वस्तू शुभ की अशुभ, हे आजींच्याच बोलण्यावरून ठरवा.

पेठेतला जुना : सासनकाठी देवाची असते, तिची बरोबरी चिवड्याच्या टोपलीशी करू नका. चार पुस्तके वाचली म्हणजे देवळाच्या गोष्टी शिकवायचा अधिकार मिळत नाही.

राजारामपुरीच्या काकू : इथे मला नाइलाजाने धागाकर्त्यांच्या बाजूने बोलावे लागते आहे. अंत्ययात्रेत तिरडीपुढे मडकेही जाते. म्हणून काकांनी कुंभार गल्लीतून पणत्या आणणे थांबवले आहे का?

पेठेतला जुना : पणतीचा संबंध इथे कुठून आला? बाईमाणसाने उगाच शब्दात शब्द अडकवू नये.

राजारामपुरीच्या काकू : बाईमाणसानेच तुमच्या घरात ३० वर्षे त्या पणत्या लावल्या असतील. शब्द मागे घ्या, मग पुढचे बोलू.

बुरुडाची सून : मी एरवी वाचून गप्प बसते, आज लिहिते. आमच्या घरी सासरे आणि दीर अजून विणतात. दिवाळीत आकाशकंदिलाचे सांगाडे, गौरीला ओवशाची सुपे, लग्नसराईत दुरड्या. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी पाच मिनिटे उभे राहते आणि ‘प्लॅस्टिकची यापेक्षा स्वस्त मिळते’ हे ऐकवून जाते. तिरडीचे बांबूही आम्हीच देतो. काका, तेवढी एकच वस्तू आमच्याकडून कोणी भाव न करता नेते. शुभ-अशुभाचे तुमचे तुम्ही ठरवा. काकूंच्या दुरडीबद्दल मात्र शेतकरी दादांचे म्हणणे पूर्ण खरे नाही : सालीची दुरडी विणायला दुप्पट वेळ लागतो आणि तिचे पैसे सांगितले की लोक पोटाचीच उचलतात. काकूंनी कोणती घेतली होती?

राजारामपुरीच्या काकू : स्वस्तातली. कबूल आहे. पण पस्तीस माणसांना सालीची दुरडी मला परवडणार नाही, त्यामुळे कार्यालयात बाटल्याच जातील. विहीणबाईंकडे एक दुरडी पाठवते, पिठाचा हिशेब मिटवायला.

वेळूचे बेट : एक तर एक. बाटली देताना तिला ‘स्टीलची बाटली’ म्हणा, एवढीच विनंती.

पेठेतला जुना : ‘बाईमाणूस’ हा शब्द मागे घेतो. दुरडी मी कोणाला भेट देणार नाही, ते नाहीच. देवघरात फुलांसाठी परडी लागते, ती आमची प्लॅस्टिकची आहे आणि तिचा कान तुटला आहे. सालीची केवढ्याला पडेल?

बुरुडाची सून : वसुबारसेच्या आठ दिवस आधी सांगा, ओला बांबू मिळाला पाहिजे. भाव आल्यावर सांगेन, आणि तो एकच असेल.