'स्टॅटिस्टिक्स'मधलं 'स्टेट' मराठीत कुठं गेलं?

प्रश्न: स्टॅटिस्टिक्सला आपण संख्याशास्त्र म्हणतो, पण मूळ शब्दात तर राज्य आहे, संख्या नाहीच. मग हा बरोबर बसतो का?

प्रतिसाद: शंका रास्त आहे. १७४९च्या सुमारास आखेनवाल नावाचा जर्मन प्राध्यापक 'स्टाटिस्टिक' म्हणायचा ते राज्याचं वर्णन, म्हणजे जमीन, कायदे, सैन्य, व्यापार असलं, आकडेमोड फारशी नव्हतीच. आकडे आले दुसऱ्याच गल्लीतून. लंडनमध्ये दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापून विकायचे, लोक प्लेग वाढला का बघायचे नि विसरायचे, पण जॉन ग्राँट नावाचा कापडवाला कित्येक वर्षांच्या याद्या घेऊन बसला आणि १६६२ला पुस्तक काढलं. त्याचा अंदाज, शंभर मुलांतली ३६ सहा वर्षांच्या आतच जातात. भारी भाग पुढं आहे, मरणाचं कारण बघायला ज्या म्हाताऱ्या बायका घरी जायच्या त्यांना थोडी दारू नि चिरीमिरी दिली की गुप्तरोगाने मेलेला माणूस यादीत क्षयाने मेलेला व्हायचा, हेही ह्याने हेरलं! दुकानदार असून रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत घेतला त्याला.

प्रतिसाद: ग्राँटचा दोस्त विल्यम पेटी राहिला की. त्याने ह्या प्रकाराला नाव दिलं 'पोलिटिकल अरिथमेटिक', राजकीय अंकगणित म्हणू. इंग्रज सेनापती क्रॉमवेलने आयर्लंड जिंकल्यावर १६५५-५६ला ह्याच पेटीने तिथली जमीन साखळीने मोजून घेतली, कशाला तर कॅथलिकांकडून जप्त केलेली जमीन सैनिकांना थकलेल्या पगारापोटी वाटायला. नकाशे एक नंबर, पण कुणाच्या कामाचे ते बघा ना. म्हणून मला संख्याशास्त्र हा शब्द जरा जास्तच सोज्वळ वाटतो.

प्रश्नकर्ता: मग खानेसुमारी कसा वाटतो? खाना म्हंजे घर, शुमार म्हंजे मोजणी, सरकारी माणूस दारात उभाच दिसतो.

प्रतिसाद: शब्द झकास आहे पण तो सेन्सससाठी. ब्रिटनमध्ये १७५३ला खानेसुमारीचं बिल आलं तर इंग्रजांचं स्वातंत्र्य बुडालं म्हणून बोंब झाली, बिल बारगळलं, पहिली मोजणी थेट १८०१ला. माझं मत विचाराल तर शास्त्राला संख्याशास्त्रच ठेवा, मंत्री भाषणात फेकतात ती आकडेवारी, आणि दारात येऊन माणसं मोजतात ती खानेसुमारी. जनगणना लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त त्यात घर दिसत नाही.