मदत हवी आहे: नसेचा संदेश 'एक तर पूर्ण, नाही तर नाहीच', मग भावाची मूठ अर्धीच का वळते?

नमस्कार मंडळी, मी कॉमर्सची आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगा.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) साथ आली त्यात माझा धाकटा भाऊ सापडला. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या आणि दोन दिवसांत जिना चढता येईना. आयव्हीआयजीचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजच्या औषधाचे, पाच दिवस झाले, व्हेंटिलेटर लागला नाही हे नशीब. आता आठ महिन्यांनी चालतो, पण शर्टाचं वरचं बटण लागत नाही आणि पाण्याचं फुलपात्र अर्धं असेल तर उचलतो, भरलेलं असेल तर डावा हात खाली धरावा लागतो.

तेव्हा एनसीव्हीत, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजायच्या तपासणीत, पायाच्या नसेचा वेग 28 मीटर पर सेकंद आला होता, 40 च्या वर पाहिजे. डॉक्टर म्हणाले वायर बरीचशी शाबूत आहे, वरचं कोटिंग गेलंय. आईला वाटतं नस म्हणजे रक्ताची शीर, ती रोज तेल चोळते. तिला नीट सांगायचं म्हणून वाचायला बसले.

मला कळलं ते असं, की नसेच्या पेशीचं मुख्य अंग पाठीच्या कण्यात आणि तिथून निघालेला एकच अक्षतंतू (डॉक्टरांची वायर ती हीच) पार पावलापर्यंत, म्हणजे एक पेशी जवळपास मीटरभर लांब! या तंतूच्या आत-बाहेर 70 मिलिव्होल्टचा फरक असतो, सोडियम आत घुसला की तो उलटतो आणि हेच पुढे पुढे होत जातं, मायलिनच्या (म्हणजे त्या कोटिंगच्या) मध्ये उघड्या जागा असतात तिथून तिथे उड्या मारत, म्हणून वेग. टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि बारीकशी फट ओलांडून स्नायूला लागतं.

अडलंय इथे: संदेश अर्धा जातच नाही म्हणतात, मग ताकद अर्धी कशी? आणि चालतोय तरी गुडघ्यावर हातोडी मारली की पाय अजून उडत नाही, ते का?

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओ आहे. तुम्ही एका पेशीचं बरोबर सांगितलंत, पण स्नायूला नसेची एकच पेशी नसते, शेकडो असतात. प्रत्येकीकडे स्नायूचे आपले आपले धागे, बोटांच्या बारीक स्नायूत कमी, पोटरीत एकेकीकडे हजारच्या वरही. मायलिन गेलं की करंट वाटेत गळतो आणि पुढच्या उघड्या जागेपर्यंत पोचेस्तोवर इतका क्षीण होतो की तिथलं सोडियमचं दार उघडतच नाही, संदेश तिथेच थांबतो. भावाच्या काही तारा पूर्ण चालू आहेत, काही पूर्ण बंद, त्यामुळे अर्धा संदेश नाही, अर्धी माणसं कामावर असं समजा. ज्या तारा आतूनच दुखावल्या असतील त्यांना वेळ लागतो, तार दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते.

हातोडीचं वेगळं आहे. तिथे सगळे संदेश एकदम पोचावे लागतात. ढोलपथकात शंभर ढोल एका ठोक्यावर पडले तर छातीत धडधडतं, तेच जो तो आपापल्या वेळी वाजवू लागला तर नुसता गलका. कोटिंग कुठे कमी कुठे जास्त गेलं की वेग वेगवेगळे होतात, ठोका जुळत नाही. चालायला एवढं जुळून यावं लागत नाही, म्हणून चालणं आधी परत येतं आणि हातोडीचा झटका बराच मागून, काहींचा येतही नाही, त्याने घाबरू नका.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. ढोलाचं आईला आत्ताच सांगितलं, तिला लगेच पटलं, तेल मात्र चालूच ठेवणार म्हणते, चोळलं तर चालेल ना? आणि एनसीव्ही परत काढावी का? डॉक्टर म्हणाले सुधारणा दिसतेय, गरज नाही. पण तो 28 चा आकडा बदललेला मला एकदा डोळ्यांनी बघायचाय.